दोन रकान्यांची वही

शमीम मॅडमच्या पर्समध्ये लवंगांची एक चपटी डबी असायची. पाहुणा खोलीत येऊन खुर्चीवर बसला की त्या एक लवंग काढून गालात ठेवायच्या, आणि मग पाऊण तास त्यांच्या तोंडून क्वचितच शब्द निघायचा. पहिले काही दिवस मला वाटलं, त्यांचा दात दुखत असेल. एकदा मी तसं विचारलंही.

"दात ठीक आहेत बेटा," त्या म्हणाल्या. "जीभ ठीक नाही. समोरचा माणूस अडकला की ती आपोआप बोलते, 'ते खालचं दाबा'. म्हणून तिला काम देऊन ठेवलंय."

मी याआधी कॉलेजच्या अंकातसुद्धा काही लिहिलेलं नाही. मॅडमविषयी लिहायचं ठरवलं तेव्हा कुठून सुरुवात करावी हे कळेना, म्हणून लवंगेपासून केली. आता क्रमानं सांगते.

मी बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला होते. प्रोजेक्टसाठी तीन महिने एखाद्या कंपनीत काम करावं लागतं. आमच्या घरात कॉलेजपर्यंत आलेली मी पहिलीच, त्यामुळे कंपनीत ओळख वगैरे काही नव्हती. एका सरांच्या चिठ्ठीवर शहरातल्या गारखेडा भागात, एका लहानशा ऑफिसात जागा मिळाली. अकरा माणसं. दवाखान्यात, बाजार समितीत नंबराची चिठ्ठी देणारी जी मशीनं असतात, त्यांचे स्क्रीन आणि सॉफ्टवेअर तिथं बनायचं. मला वाटलं होतं, प्रोग्रॅम लिहायला मिळेल. पण कंपनीचे मालक निनाद सर म्हणाले, "तुम्ही शमीम मॅडमबरोबर काम करा. त्यांना नोंदी घेणारं कुणीतरी हवंय."

मॅडमचं काम थोडक्यात असं होतं. मशीन तयार झालं की ते बाहेर जाण्याआधी खऱ्या माणसांसमोर ठेवायचं. शेतकरी, बायका, म्हातारे, रिक्षावाले. त्यांना एक काम सांगायचं, 'समजा तुम्ही दवाखान्यात आलात, नंबर काढा', आणि मग गप्प बसून बघायचं. कुठं अडतात, कुठं चुकतात, कुठं उगाचच घाबरतात. ऑफिसात याला 'युजर टेस्ट' म्हणायचे आणि येणाऱ्यांना 'युजर'. मॅडम मात्र त्यांना पाहुणे म्हणायच्या.

त्यांनी हे कुठल्या कॉलेजात शिकलेलं नव्हतं. त्या बावीस वर्षं एका सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर होत्या. नोकरी लवकर सोडून त्या इथं आल्या. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं किरकोळ, कायम फिक्या रंगाचा सलवार-कमीज आणि मोठी ओढणी. शहागंजच्या बाजूला राहायच्या आणि रोज शेअर रिक्षानं यायच्या. "खिडकीमागं बसायचे तेव्हा मला नुसते चेहरे दिसायचे," त्या म्हणायच्या. "इथं येऊन पहिल्यांदा पाय दिसले. तू पाय बघत जा. तोंड हसत असतं, पण कळेनासं झालं की पाय चुळबूळ करतात."

पहिल्या दिवशी त्यांनी माझी मुलाखत घेतली ती ऑफिसातल्या कॉफीच्या मशीनसमोर. "एक कप कॉफी काढ," एवढंच म्हणाल्या आणि हात ओढणीत घालून बाजूला उभ्या राहिल्या. मी असलं मशीन कधी वापरलं नव्हतं. एक बटण दाबलं, वाफ आली. दुसरं दाबलं, नुसतं गरम पाणी आलं. कप ठेवायच्या आधीच दूध सुरू झालं आणि खालच्या जाळीत गेलं. मला घाम फुटला. मागं कुणीतरी हसलं. मॅडम हलल्या नाहीत. शेवटी मी म्हणाले, "सॉरी मॅडम, चुकलं माझं. मला हे येत नाही."

"कोण चुकलं?"

"मी."

"ये बटण देख," त्या म्हणाल्या. "दुधाचं चित्र आणि पाण्याचं चित्र, दोन्ही सारखेच थेंब. कप नसताना दूध सोडतंय. आणि चुकली तू? हौ का?" त्यांनी माझ्या हातात वही दिली. "लिही. मशीन तीनदा चुकलं."

ती वही म्हणजे साधी दोनशे पानी वही. प्रत्येक पानावर मधोमध एक उभी रेघ. डाव्या बाजूला 'तोंड', उजव्या बाजूला 'हात'. पाहुणा काय बोलतो ते पहिल्या रकान्यात, काय करतो ते दुसऱ्यात. मॅडम स्वतः उर्दूत भराभर लिहायच्या, संध्याकाळी मला मराठीत सांगायच्या आणि मी माझ्या नोंदींशी ताडून घ्यायचे. कितीतरी पानांवर दोन रकाने एकमेकांशी भांडत असायचे. तोंड: 'सोपं आहे, काहीच अडचण नाही.' हात: 'बोट हवेत, बराच वेळ. मग मागचं बटण.' निनाद सरांना दाखवताना मॅडम डावा रकाना तळहातानं झाकायच्या. "सर, आधी हे वाचा."

त्यांचे काही नियम होते आणि त्यांत बदल चालत नसे. चहा टेस्टच्या आधी द्यायचा नाही, नंतर द्यायचा. "चहा पिऊन झाल्यावर आपल्याकडचा माणूस तुमच्या वस्तूला नाव ठेवणार नाही. मग काय ऐकायचं? 'बढिया है'?" सगळं झाल्यावर पुरुषांना टॉवेल-टोपी आणि बायकांना ब्लाऊजपीस. जमलं त्यालाही आणि नाही जमलं त्यालाही सारखंच. निनाद सरांनी एकदा सुचवलं, कंपनीचं नाव छापलेला पेन देऊ. मॅडम म्हणाल्या, "पेन दिला की ते बक्षीस होतं. हा आहेर आहे."

केतनसाठीही नियम होता. स्क्रीन केतननं बनवलेला असायचा, आणि पाहुण्यानं चुकीचं बटण दाबलं की तो मागच्या खुर्चीतून उठायचाच. "अहो काका, तिथं नाही, वरती बघा ना, मोठ्या अक्षरात लिहिलंय!" मॅडमनी त्याला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी पाण्यानं काठोकाठ भरलेला ग्लास त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा धरून बस. टेस्ट संपल्यावर परत दे." त्या दिवशी केतनची पँट भिजली. दुसऱ्या दिवशी कमी भिजली. पंधरा दिवसांनी त्याचा ग्लास जसाच्या तसा परत येऊ लागला. मग एकदा तो स्वतःहून म्हणाला, "मॅडम, ते बटण मीच बदलतो. काका बरोबर तिथंच बघत होते, मीच दुसरीकडं ठेवलंय."

खुलताबादचे एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते, ते आठवले की मला अजून हसू येतं. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मशीनसमोर बसले आणि मागं जायचं बटण त्यांनी सहा वेळा दाबलं. दर वेळी पहिला स्क्रीन यायचा आणि ते म्हणायचे, "हं. म्हणजे हे असं आहे." शेवटी हात झटकून त्यांनी निर्णय दिला, "अतिशय सुलभ यंत्र आहे. मला काहीही अडचण आलेली नाही. सामान्य जनतेला मात्र जमायचं नाही."

आता या माणसाला 'तुम्हाला जमलं नाही' असं कसं म्हणणार? मी मॅडमकडं पाहिलं. त्यांनी गालातली लवंग रुमालात काढून ठेवली. "गुरुजी, ही माझी मुलगी समजा. खेड्यातून आलीय, हिला काही येत नाही. तुम्ही हिला शिकवा ना."

गुरुजी खुलले. त्यांनी मला उभं केलं, स्क्रीनकडं बोट केलं आणि शिकवायला लागले. "हे बघ बाळ, प्रथम इथं... नाही, थांब. प्रथम... हे 'विभाग निवडा' म्हणतात ते कोणी निवडायचं? रुग्णाला काय माहीत आपल्याला कोणता विभाग लागतो? पोट दुखतंय, त्यानं विभाग कोणता निवडायचा?" पंधरा मिनिटं गुरुजींनी त्या मशीनची जी चिरफाड केली, तशी आम्हाला आठवडाभरात जमली नव्हती. जाताना टॉवेल-टोपी घेऊन म्हणाले, "मुलगी हुशार आहे तुमची." मॅडम म्हणाल्या, "आपकी दुआ है."

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला थोडा संकोच वाटतो, कारण त्यात चूक माझी आहे.

शहरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यासाठी आम्ही नंबराचं मशीन करत होतो. ते सुरू झालं की तिथल्या केसपेपरच्या दोन खिडक्यांपैकी एक बंद होणार होती. त्यामुळे ज्याला मशीन जमणार नाही त्याची पंचाईत होणार, हे मॅडमना पक्कं माहीत होतं. ओपीडीचे नंबर अकराला बंद होतात. अकराच्या आत नंबर मिळाला नाही तर माणूस डॉक्टरला न दाखवताच परतीची जीप धरतो. ट्रस्टला एक तारखेला मशीन हवं होतं, आणि त्याआधी आमचा टेस्टचा रिपोर्ट.

मॅडमनी पाहुणे शोधायचं काम पहिल्यांदाच एकट्या माझ्यावर सोपवलं. "आठ जण. खेड्यातले, शिक्षण कमी, वर्षभरात कधीतरी दवाखान्यात गेलेले. एकमेकांच्या ओळखीचे नको. तुझ्या ओळखीचे तर नकोच."

मी दोन दिवस बसस्थानकावर उभी राहिले. पुरुष हसून पुढं जायचे. बायका विचारायच्या, "कायचं मशीन? आधार लागतं का? अंगठा घेता का?" आणि सरकायच्या. एकही माणूस मिळाला नाही. मॅडमना सांगायची लाज वाटली. मी गंगापूरच्या पुढं आमच्या गावी वडिलांना फोन केला. अण्णा म्हणाले, "आठच पायजेत ना? उद्या जीप भरून धाडतो." मॅडमना मी एवढंच सांगितलं, की गंगापूरकडचे आठ जण मिळालेत. ते आमच्याच गल्लीतले आहेत हे सांगितलं नाही.

एकेकानं तासाच्या अंतरानं यायचं असं आमचं वेळापत्रक असायचं. जीप एकच, त्यामुळे आठही जण सकाळी नऊलाच आले. पुरुष इस्त्रीचे कपडे घालून, बायका ठेवणीतली लुगडी नेसून. मॅडमनी एकदा माझ्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, आणि बाहेरच्या लांब बाकड्यावर सगळ्यांना बसवायला सांगितलं. तारीख जवळ आली होती.

पहिल्या दोघांना वेळ लागला, पण जमलं. तिसऱ्यापासून मात्र कमाल झाली. बबनकाका आले, चार बटणं दाबली, चिठ्ठी काढून दिली. पुढच्या काकूंनी त्याहून लवकर. सहाव्या क्रमांकाला आमच्या शेजारच्या कौसामावशी. त्यांना अक्षरओळख नाही. त्यांनी स्क्रीनकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. मॅडमकडं बघून हसल्या आणि टक, टक, टक, टक, चिठ्ठी बाहेर. मी नोंदी लिहीत होते आणि मला आतून इतका आनंद झाला होता की अक्षर वाकडंतिकडं येत होतं. आमच्या गावची माणसं!

आठच्या आठ पास. निनाद सर आनंदानं फोनवर बोलायला गेले. काचेतून ऐकू येत होतं, "हो साहेब, आठपैकी आठ. एक तारीख नक्की धरा."

मॅडम वहीवर बोट ठेवून बसल्या होत्या. "केतन," त्या म्हणाल्या, "मराठी आणि इंग्लिश, ही पहिली दोन बटणं अदलाबदल करायला किती वेळ लागेल?"

"पाच मिनिटं. पण का? सगळे पास झालेत की."

"बटण यायच्या आधीच बोट तिथं जाऊन थांबत होतं," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं माणसं बघतेय. बोट आधी पोहोचत नसतं."

कौसामावशींना पुन्हा बोलावलं. "मावशी, तकलीफ देते. आणखी एकदा नंबर काढाल?"

"काढते की! त्यात काय?" मावशी तोऱ्यात बसल्या आणि पहिल्या जागी बोट टेकवलं. स्क्रीन इंग्रजी झाला. त्यांनी दुसऱ्या ठरलेल्या जागी दाबलं. काहीतरी भलतंच उघडलं. मावशी थांबल्या, मागं वळल्या आणि थेट मला म्हणाल्या, "अगं सवे, हे काय गं? बबन तर म्हनला का डाव्या अंगाचं, मंग खालचं, मंग मधलं. हे बदललं व्हय?"

केतननं माझ्याकडं पाहिलं. माझं नाव सविता आहे. सवे मला फक्त गावात म्हणतात.

मॅडमनी तोंडातली लवंग काढून ठेवली. "मावशी, बबनरावांनी सगळ्यांना सांगितलं का?"

"मंग? पयल्या दोघायला इचारून बाहेर बसल्या बसल्या समद्यायची तयारी करून घेतली त्यानं. बाकड्यावर बोटानं काढून दाखवलं." मग मावशींचा चेहरा बदलला. "बाई, पोरीला बोलू नका बरं का. तिनं काय नाय सांगितलं. आमालाच वाटलं, आमाला नाय जमलं तर पोरीचे मार्क कापतेल. पयलीच पोरगी हाये गल्लीतली एवढं शिकनारी. आमच्या पायी नापास झाली तर काय तोंड दाखवावं तिच्या आईला?"

मला वर बघवेना. मॅडम उठल्या आणि बाहेर गेल्या. मला वाटलं, आता गावाच्या माणसांना बोलणार. मी दारात जाऊन उभी राहिले.

मॅडम त्या बाकड्यावर, बबनकाका आणि दुसऱ्या एका काकूंच्या मधे जागा करून बसल्या. "काका, तुम्ही फार छान शिकवलंत," त्या म्हणाल्या. "चूक माझी झाली. तुम्हाला सगळ्यांना एका बाकड्यावर मी बसवलं. आणि इथं कोण पास, कोण नापास, हे मी तुम्हाला नीट सांगितलं नाही. इथं ते मशीन परीक्षेला बसलंय. तुम्ही त्याला कॉपी पुरवली."

बबनकाका आधी गोंधळले, मग मोठ्यांदा हसले. "आरं तिच्या! म्हंजी आमी मास्तर व्हतो व्हय?"

"हौ. आणि तुम्ही त्याला सगळे मार्क देऊन टाकले."

सगळ्यांना आहेर दिला. कौसामावशी ब्लाऊजपीस घेईनात. "खोटं केलं आमी. आमाला नको." मॅडमनी तो त्यांच्या पिशवीत सारला. "खोटं नाही मावशी, माया केलीत. पण पुढच्या वेळी थोडा आम्हालाही त्रास होऊ द्या."

जीप गेल्यावर मी त्यांच्यासमोर उभी राहिले. रडू येत होतं. म्हणाले, "मॅडम, मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मला कुणी मिळालं नाही म्हणून..."

"माफी नंतर माग. आधी लिही. कुणाला बोलावलंस, का बोलावलंस, काय सांगितलं नाहीस. रिपोर्टमध्ये जाईल ते. तुझ्या अक्षरात." मग म्हणाल्या, "दोन दिवस उभी राहिलीस आणि कुणी मिळालं नाही, हेसुद्धा लिही. तेही कामाचं आहे. तुझ्यासारख्या मुलीशी बोलायला लोक घाबरले, तर त्या मशीनशी काय बोलतील?"

निनाद सरांशी त्यांचं बोलणं मी ऐकलं, कारण मी तिथंच बसून ते लिहीत होते.

"मॅडम, मी फोन करून बसलोय त्यांना."

"परत करा."

"ट्रस्टनं काम दुसऱ्याला दिलं तर? पुढचं वर्षभराचं काम त्यावर आहे. तुमचंसुद्धा."

"माझंही जाऊ द्या," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "सर, बावीस वर्षं मी खिडकीतून लोकांना म्हणत आले, 'पुढच्या खिडकीवर जा.' एक म्हातारा माझ्या खिडकीवर तीनदा परत आला होता. चौथ्यांदा आला तेव्हा अकरा वाजले होते. तो गेला. पुढं त्याचं काय झालं मला माहीत नाही. कागदावर माझं काहीच चुकलं नव्हतं. आता पुढची खिडकीसुद्धा बंद होणार आहे. मी आठपैकी आठवर सही करणार नाही."

निनाद सरांनी फोन हातात घेतला. मग विचारलं, "किती दिवस?"

"चार दिवस बघायला. दुरुस्तीला केतन सांगेल तेवढे."

ते चार दिवस आम्ही दवाखान्याच्या रांगेतच काढले. केतननं स्क्रीन एका टॅबवर घातला, तो आम्ही स्टुलावर ठेवला, आणि रांगेतल्या अनोळखी माणसांना मॅडम विचारायच्या, "तुमचा नंबर यायला वेळ आहे ना? तोवर आमच्या मशीनची जरा परीक्षा घेता?" माझ्याकडं न बघणारी माणसं त्यांच्याशी बोलायची. विनंती त्या अशी करायच्या, जणू समोरचाच मोठा अधिकारी आहे.

पहिल्याच दिवशी एक आजोबा सगळं बरोबर करत आले आणि एका ठिकाणी थांबले ते थांबलेच. स्क्रीन मोबाईल नंबर मागत होता. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, त्यावरचा नंबर एकेक आकडा बघून दाबला. मग स्क्रीननं ओटीपी मागितला.

"ते काय असतंय?" आजोबांनी विचारलं.

मॅडमच्या गालात लवंग होती. त्या नुसत्या त्यांच्याकडं बघत राहिल्या. रांगेतला एक माणूस म्हणाला, "मोबाईलवर आकडा येतो, बाबा. तो टाका."

"मोबाईल पोराचा हाये. पोरगं चितेगावला कंपनीत. तिथं आत नेऊ देत नाय, गेटवर जमा करून घेतात. आता कसं?" आजोबांनी माझ्याकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं. त्यांचे पाय हलत होते. चप्पल काढली, परत घातली.

केतन माझ्या कानाशी म्हणाला, "ऑफिसातल्या टेस्टला आपण मोबाईल नंबर आणि ओटीपी आधीच भरून ठेवायचो."

म्हणजे गल्लीतल्या माणसांनी कॉपी केली नसती, तरी आम्हाला हे कळलं नसतं. आमचंही बाकडं होतंच. चार दिवसांत अशी बरीच माणसं भेटली. मोबाईल नवऱ्याजवळ, सुनेजवळ, घरी चार्जिंगला. ते सगळे आमच्या मशीनसमोर तसेच उभे राहिले असते आणि मागची रांग ओरडत राहिली असती.

ट्रस्टच्या बैठकीला निनाद सर मॅडमना आणि मलाही घेऊन गेले. सचिव एक वयस्क डॉक्टर होते. सगळं ऐकून म्हणाले, "मोबाईल नंबर आम्हाला लागतोच. तपासणीचे निरोप पाठवायचे असतात. आणि आज मोबाईल कुणाकडं नाही?"

मॅडमनी हात जोडले. "डॉक्टरसाहेब, एक विनंती. तुमचा मोबाईल जरा बाहेर ड्रायव्हरकडं द्या आणि या टॅबवर एक नंबर काढून दाखवा."

डॉक्टरांनी हसत मोबाईल दिला. हसतच बटणं दाबत गेले. ओटीपीच्या पानावर आले. दाराकडं बघितलं. मॅडम हात ओढणीत घालून उभ्या. निनाद सरांनी घसा साफ केला, मॅडमनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. डॉक्टर एक पाऊल मागं सरले, परत पुढं आले. जेमतेम एक मिनिट झालं असेल. मला फार मोठं वाटलं.

"ठीक आहे," ते खुर्चीत बसत म्हणाले. "आधी नंबर द्या. मोबाईलचं खिडकीवरची बाई विचारील. असला तर असला. आणि दुसरी खिडकी दोन महिने चालू ठेवू." मग मॅडमना विचारलं, "आपण आधी कुठं होतात?"

"केसपेपरला, साहेब."

मशीन तीन आठवडे उशिरा गेलं. पुढचं कामही आम्हालाच मिळालं. रिपोर्टमध्ये माझ्या अक्षरातलं ते पान जसंच्या तसं गेलं, आणि कॉलेजनं प्रोजेक्टला काय म्हणायचं ते म्हटलं. त्या पानाची मला आता लाज वाटत नाही. मॅडम त्याच वर्षी परभणीला मुलीकडं गेल्या, गुडघ्यांना रोजची रिक्षा झेपेना म्हणून. फोनवर कधीतरी बोलणं होतं. भेट झालेली नाही. पण त्या जाण्याआधी मी त्यांना एकदा पाहिलं, ते सांगते.

मशीन सुरू होऊन महिना झाला असेल. निनाद सरांनी एका दुरुस्तीसाठी मला दवाखान्यात पाठवलं होतं. सकाळची गर्दी. मशीनसमोर सात-आठ जणांची ओळ होती. तिच्यात शमीम मॅडम उभ्या होत्या. मला वाटलं, बघायला आल्यात. पण हातात वही नव्हती. जुनी एक्स-रेची पिशवी होती, आणि उजवा पाय जरा उचलून त्या पुढं सरकत होत्या. त्यांच्या पुढं लेकरू कडेवर घेतलेली एक बाई होती. तिनं एका हातानं दोन बटणं दाबली, चिठ्ठी ओढली, लेकराच्या मुठीत दिली आणि बाकड्याकडं निघून गेली. तिनं मशीनकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मग मॅडमनी दोन बटणं दाबली, चिठ्ठी घेतली आणि त्याही निघाल्या.

मी धावत गेले. म्हणाले, "मॅडम, आत मला सगळे ओळखतात. मी सांगते, तुम्हाला आधी घेतील."

"बैस गं," त्या म्हणाल्या आणि बाकड्यावर टेकल्या. बोलता बोलता गुडघा दाबत होत्या.

शेजारी ती लेकरूवाली बाई होती. लेकराच्या मुठीतली चिठ्ठी सोडवत तिनं विचारलं, "तुमचा कितवा हाये?"

"त्रेसष्ट," शमीम मॅडम म्हणाल्या. "तुमचा?"

"बासष्ट."

"मग तुमच्या मागंच मी."

दोघी समोरच्या दाराकडं बघत बसल्या. बाईनं पिशवी उचलून मॅडमना पाय लांब करायला जागा करून दिली. थोड्या वेळानं आतून बासष्टला हाक आली, आणि मग त्रेसष्टला. मॅडम बाकड्याला धरून उठल्या, मला हातानंच 'जा तू' अशी खूण केली, आणि दार लोटून आत गेल्या.